घड्याळ सुरू होण्याआधी

“त्यांना सांग, पिठलं गार होतंय.”

‘ते’ म्हणजे माझे बाबा. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की सोपा, म्हणजे पुढची बैठकीची खोली, आणि सोप्यात शिरताच त्यांची खुर्ची. आईने चुलीपुढून नुसती मान वळवली असती तरी तिला त्यांच्या चष्म्याची दांडी दिसली असती. पण मी उठले, उंबरा ओलांडला आणि म्हणाले, “बाबा, पिठलं गार होतंय.”

“ऐकलं,” बाबा म्हणाले. “तिला सांग, येतोय.”

मी परत आत. “येतायत.”

“ऐकलं,” आई म्हणाली.

आमच्या घरचा कारभार असा चालायचा. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं, पण माझ्या तोंडून आल्याशिवाय ते पोचलं असं धरायचं नाही, असा नियम होता. तो कुणी केला, कधी केला, मला माहीत नव्हतं. मी पाचवीत असताना एका दिवाळीनंतर तो लागू झाला, आणि नववीत आले तरी चालूच होता. दोन पेढ्यांमधे दलाल असतो तशी मी होते. दलाल मालात करतो तशी थोडी भेसळ मीही करायची. आई म्हणायची, “सांग त्यांना, हात असतील तर वाढून घ्या म्हणावं.” मी बाहेर जाऊन सांगायची, “आईने वाढून ठेवलंय.” मूळ माल बाबांच्या कानावर आधीच पडलेला असायचा, त्यामुळे माझी भेसळ तिथल्या तिथे पकडली जायची. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि पानावर येऊन बसायचे. आतून आईही मला खोटं पाडायची नाही. भेसळ दोघांनाही हवी असायची, असा माझा तेव्हाचा अंदाज होता.

ते एकमेकांशी बोलायचे तेव्हाचं मला आठवत होतं. निदान आवाज आठवत होते. झोप लागता लागता सोप्यातून दोन आवाज येत, एक जाडा, एक बारीक, आणि मधे हसणं. शब्द एकही आठवत नव्हता. मिरजेच्या मामाकडे मी खोदून चौकशी केली होती. मामाला कारण माहीत नव्हतं, पण सुरुवात माहीत होती. बाबा आईला बघायला आले तेव्हा ते नुकतेच मास्तर झालेले. आई फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. सगळे विचारतात तसं स्वयंपाकाचं विचारायचं सोडून बाबांनी विचारलं, “प्रकाशाचा वेग किती?”

आईने पोह्यांची बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, “कशातून जाताना?”

“तुझ्या बापाच्या हातातला घास हातातच राहिला,” मामा सांगायचा. “ती आत जायच्या आधी हा आमच्या काकांना म्हणाला, मला पसंत आहे. आपल्यात असं लगेच सांगत नाहीत गं. दोन दिवस लावतात. काका असे बघायला लागले त्याच्याकडे.”

ही गोष्ट मी मामाला पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. असा माणूस आणि अशी बाई एका घरात राहतात आणि पिठलं गार झाल्याचा निरोप तिसऱ्याकडून धाडतात, हा हिशेब मला काही केल्या जुळत नव्हता.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि बाबांची बदली आली. बाबा ज्या शिक्षणसंस्थेच्या शाळेत होते तिच्या शाखा गावोगाव होत्या. आम्ही विट्याला राहत होतो आणि बदली रोह्याला, म्हणजे घाट उतरून पार कोकणात. बातमी घरात सगळ्यांत आधी मला कळली, कारण पोचवायची मलाच होती.

“तिला सांग, रोह्याला बदली झालीये. एक तारखेला हजर व्हायचंय.”

आई गवार मोडत बसली होती. तिचे हात थांबले नाहीत. “त्यांना विचार, किती माणसांची?”

मी उंबऱ्यात उभी राहिले. बाहेर जायची गरज नव्हती, तरी नियम म्हणून गेले. “बाबा, किती माणसांची?”

बाबा चष्मा पुसायला लागले. “बदली शिक्षकाची होते म्हणावं. बाकीच्यांचं ज्याने त्याने ठरवायचं असतं.”

हे वाक्य मी कसंही पोचवलं असतं तरी ते तसंच राहिलं असतं. मी आत आले, तर आई म्हणाली, “बरं.”

आईचं ‘बरं’ म्हणजे दुकानाचं शटर. खाली ओढलं की संपलं. दुसऱ्याच दिवशी तिने मामाला निरोप धाडला, आणि मामाचा उलट निरोप आला की रविवारी टेम्पो घेऊन येतो, तू आणि पोरगी मिरजेला चला, शाळेचं मी बघतो.

मला मिरजेला जायचं नव्हतं, आणि आईला टाकून रोह्यालाही जायचं नव्हतं. मला आम्हा तिघांच्या घरातच राहायचं होतं, ते कुठल्याही गावात असलं तरी. म्हणून मी दोन्हीकडे वसुलीला निघाले.

आई नळावर कपडे धूत होती. “तुला रोह्याला जायचंय का गं?”

“मला कुणी विचारलंय का?”

“मी विचारतेय की.”

“तू नाही.” तिने बाबांचा सदरा पिळला, झटकला, आणि कॉलर सरळ करून वाळत घातला. तिचं ते सदरा वाळत घालणं बघितलं असतं तर कुणालाही वाटलं नसतं की ही बाई या माणसाशी बोलत नाही.

संध्याकाळी बाबांबरोबर दळण आणायला गेले. “बाबा, तुम्ही आईला चल म्हणा ना.”

“तिला यायचं असेल तर ती सांगेल.”

“तुम्ही विचारल्यावर सांगेल.”

“असं म्हणाली ती?”

“नाही.”

“मग तू कशावरून म्हणतेस?”

बाबांशी वाद घालणं अवघड होतं. प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून’. गिरणीच्या दारात ते पीठ हातात घेऊन चिमटीने चोळून बघत उभे राहिले, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “जरा बारीक दळा हो. घरी बारीक लागतं.” बाबांना भाकरीत जाड-बारीक कळत नसे. बारीक लागायचं ते आईला.

म्हणजे दोघांच्याही मते पुढचा डाव समोरच्याचा होता, आणि दोघंही पानं हातात धरून बसलेले. रविवार जवळ येत होता. माळ्यावरची मोठी पत्र्याची पेटी अजून खाली उतरली नव्हती. मी शाळेतून आल्या आल्या आधी माळ्याकडे बघायची.

आता अभ्यासाचं सांगते. दिवेलागणीला मी कच्च्या कामाची पाटी आणि वह्या घेऊन उंबऱ्यावर बसायची. ती जागा माझ्या धंद्याला सोयीची, आणि अभ्यासालाही. बाबा पुस्तक मांडीवर घेऊन गणित वाचून दाखवत, मी उतरवून घेई. गणित आधी कानाने घ्यायचं आणि मग हाताने, असं त्यांचं मत होतं. मग सोडवताना दोन्हीकडून शिकवणी सुरू व्हायची. बाबांचं म्हणणं, आधी अक्षरांतच सोडवायचं, जे काढायचं ते एकटं डावीकडे आणायचं, आकडे अगदी शेवटी. आईचं म्हणणं, आधी आकडे घाल आणि मोकळी हो.

“बरोबरचं चिन्ह म्हणजे उंबरा समज,” आई आतून म्हणायची. “इकडचं तिकडे गेलं की चिन्ह बदलतं. अधिकाचं उणे, उण्याचं अधिक.”

“तिला सांग,” बाबा सोप्यातून, “चिन्ह आपोआप बदलत नसतं. आपण दोन्ही बाजूंतून सारखंच काढतो किंवा दोन्हीकडे सारखंच घालतो, म्हणून ते तसं दिसतं. उंबरा वगैरे काही नाही.”

“त्यांना सांग, पोरीला कळलं ना, झालं मग.”

माझं फिजिक्स चांगलं होतं ते यामुळे. आणि खरं सांगायचं तर दिवसभरात त्या घरात सगळ्यांत जास्त बोलणं तेवढ्या वेळात व्हायचं. मला गणित आलं तरी मी कधीकधी मुद्दाम विचारत बसायची.

शनिवारी संध्याकाळी मी उंबऱ्यावर बसले. आई भाकऱ्या थापत होती, परातीत थप थप चाललेली. सकाळी मामा येणार होता. बाबांनी पुस्तक उघडलं.

“लिही. एक गाडी सरळ रस्त्याने चालली आहे. तिचा वेग दर सेकंदाला पाच मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत आहे.” बाबा एरवी सपाट वाचत, हजेरी घेतल्यासारखं. आज थांबत थांबत वाचत होते. “आपण घड्याळ सुरू केलं तेव्हा तिचा वेग दहा मीटर प्रतिसेकंद होता. तिचा वेग पंचवीस असण्याची वेळ काढा.”

मी सूत्र लिहिलं. व्ही बरोबर यू अधिक एटी. व्ही पंचवीस, यू दहा, ए उणे पाच. टी काढायचा. दहा उंबऱ्याच्या अलीकडे आणला, पंचवीस उणे दहा पंधरा, भागिले उणे पाच. उत्तर आलं उणे तीन.

उणे तीन सेकंद. वेळ उणे कशी असेल? मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग अशा वेळी सगळ्या मुली करतात ते मी केलं. बोटाला थुंकी लावली आणि पाटीवरचं ते उण्याचं चिन्ह पुसून टाकलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आतली थप थप थांबली आहे.

“गणित परत वाचायला सांग,” आई म्हणाली.

मी वळून तोंड उघडलं, पण त्याआधीच बाबा वाचायला लागले होते. मी निरोप दिलाच नव्हता. आईचा शब्द संपला आणि त्यांचा सुरू झाला, मधे काही नाही. “एक गाडी सरळ रस्त्याने चालली आहे,” असं करत त्यांनी सगळं गणित पुन्हा म्हटलं. पुस्तक मांडीवर होतं, पण ते पुस्तकात बघत नव्हते.

“माझं उणे तीन येतंय,” मी म्हणाले. “चुकलंय कुठंतरी.”

बाबा म्हणाले, “उणे चालेल का?”

मला वाटलं मला विचारतायत. पण मी नाही म्हणाले तरी ते तसेच बसून राहिले, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. आईची भाकरी करपली असं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

तिने तवा उतरवला. पदराला हात पुसले. उंबऱ्याशी आली, तशी मी गुडघे जवळ घेऊन तिला वाट दिली. बाबा खुर्चीत असताना आई सोप्यात येत नसे, तेवढाच एक बिनबोललेला नियम आणखी होता. ती सरळ त्यांच्या खुर्चीपाशी गेली आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून खडू काढला. न विचारता, जसा आपल्या फडताळातून डबा काढावा तसा. बाबा हलले नाहीत. 

आई फरशीवर बसली. एक उभी रेघ काढली, एक आडवी. “इकडे बघ. ही उभी रेघ म्हणजे आपण घड्याळ सुरू केलं ती जागा. इथे वेग किती?”

“दहा.”

“पुढे काय होतंय?”

“कमी होतोय.”

तिने रेघ उतरती काढली. “आणि मागे?” असं म्हणून तीच रेघ तिने उलट दिशेने, उभ्या रेघेच्या पलीकडे, वर वर नेली. खडू फरशीच्या सांध्यात अडकून तुटला. तिने तुकडा उचलून रेघ पुरी केली. “ही बघ. इथे पंचवीस. मग पंचवीस कधी होता?”

“आधी.”

“कशाच्या आधी?”

“आपण घड्याळ सुरू केलं त्याच्या.”

“मग उणे तीन म्हणजे काय झालं? वेळ उणे असते असं नाही. आपण उशिरा मोजायला लागलो, एवढंच. गाडीचा तेवढा वेग होता की नव्हता?”

“होता.”

“पुसलंयस ते परत लिही.”

मी उण्याचं चिन्ह परत काढलं. बाबांनी चष्मा काढून हातात घेतला होता. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान दिसायचे, नुकत्याच उठलेल्या माणसासारखे.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

आई खडूची पूड बोटांवरून झाडत होती.

“तेव्हाही बरोबर होतं,” बाबा म्हणाले.

“तेव्हा म्हणजे?” मी विचारलं.  बाबांचं ते वाक्य कुणासाठी धरायचं आणि कुणाकडे पोचवायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाटी घेऊन नुसती बसून राहिले. आई उठली नाही. फरशीवरच्या रेघेकडे बघत होती. मला वाटलं, आता ती ‘बरं’ म्हणेल आणि आत जाईल.

पण ती तिथेच बसून होती. वाट बघत होती. आणि हे त्या दिवशी बाबांना कसं कळलं कोण जाणे, पण कळलं.

“बदली तीन माणसांची आहे,” ते म्हणाले.

आई उठली. तुटका खडू तिने परत त्यांच्या खिशात टाकला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, आणि पाठमोरीच म्हणाली, “मोठी पेटी माळ्यावर आहे. माझा हात पुरत नाही.”

बाबा उठले. आपली खुर्ची उचलून माळ्याखाली नेली आणि तिच्यावर चढले. खुर्ची डगमगत होती. मी धरायला धावले, पण आई आधी पोचली होती.

रविवारी मामा टेम्पो घेऊन आला आणि सोप्यात उघडी पेटी, तिच्यात बाबांचे कोट, त्यावर आईची लुगडी असं सगळं बघून दारातच उभा राहिला. “म्हणजे मी भाडं ठरवून आलो ते कशाला?”

“निघायच्या दिवशी परत ये, पेट्या स्टँडवर पोचव,” आई म्हणाली. “चहा घेणार का?” मग आत वळून, “अहो, तुम्ही?”

त्या ‘अहो’नंतर माझी नोकरी गेली.

सोमवारी शाळेत देशिंगकर बाईंनी वह्या तपासल्या. सगळ्यांचं उत्तर तीन, माझं उणे तीन. “सुनेत्रा, गणित नीट उतरवून घेत जा. गाडी पंचवीसवर होती ती दहावर यायला किती वेळ, असं आहे. तू आकडे उलटे घातलेस.” मी शेजारणीच्या पुस्तकात बघितलं. तसंच होतं. शब्दही वेगळे. घड्याळाचा तर पत्ताच नव्हता.

बाबांनी वाचताना चूक केली, हे मला पटेना. माणूस वर्षानुवर्षं मुलांना गणितं वाचून दाखवत होता, त्याची ओळ कधी सुटली नव्हती. घरी येऊन मी तणतणले. “बाबा, तुम्ही आकडे उलटे सांगितलेत. सगळा वर्ग हसला.”

“असं?” बाबा म्हणाले आणि सुतळीची गाठ मारत राहिले. आई भिंतीकडे तोंड करून भांडी कागदात गुंडाळत होती. तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतेय. मग तिने पदर तोंडाला लावला आणि आवाज फुटलाच. ते हसणं मी ओळखलं. झोपेत ऐकलेलं होतं.

बाकीचं आईने मला सांगितलं ते माझं लग्न ठरल्यावर. मी पाचवीत असतानाच्या त्या दिवाळीत बाबांच्या शाळेतले मास्तर फराळाला आले होते. कुणा मुलाने परीक्षेत उत्तर उणे सेकंदांत लिहिलं, यावरून सगळे हसत होते. आई फराळ वाढताना म्हणाली, तसं उत्तर बरोबरही असू शकतं, घड्याळ सुरू व्हायच्या आधीची वेळ असते ती. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, “तू चकल्या आण. तुला काय कळतंय त्यातलं.” मास्तर आणखी हसले. आईने चकल्या आणल्या.

“त्याच रात्री त्यांना कळलं होतं,” आई म्हणाली. “रेघ काढून बघितली होती त्यांनी. सकाळी फरशीवर होती. मीच पुसली.”

“मग बोलली का नाहीस?”

“त्यांनी सांगायला नको?” ती म्हणाली. आणि मग, “फार लांबलं गं ते. एवढं लांबवायचं नव्हतं कुणालाच.”

रोह्याला ते दोघं सारखे बोलायचे. कांद्याच्या फोडींवरून भांडायचे, पावसात वाळत घातलेल्या कपड्यांवरून भांडायचे. मी दुसऱ्या खोलीत अभ्यास करत ऐकायची. दलालाला विचारायचं कुणाला कारण नव्हतं, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडे पुण्याला असते. मी बँकेतून निवृत्त झाले, त्यामुळे घरातच असते. आईची स्मरणशक्ती अलीकडे उलटी चालते. सकाळचं जेवण आठवत नाही, विट्याचा नळ आठवतो. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही, पण माझं काम तिला बरोबर आठवलं आहे.

“त्यांना सांग,” ती म्हणते, “चहा झालाय.”

पहिल्यांदा असं म्हणाली तेव्हा मी तिचा हात धरून सांगितलं, आई, बाबा आता नाहीत. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू ती बातमी तिला त्या क्षणी पहिल्यांदाच कळली होती. दुसऱ्यांदाही तसंच. त्यानंतर मी सांगणं सोडलं.

आता ती म्हणाली की मी उठते. आमच्या गॅलरीला उंबरा नाही, सरकत्या दाराची पट्टी आहे, ती ओलांडते. बाहेर वेताची एक खुर्ची ठेवली आहे. मी तिच्यापाशी थोडा वेळ उभी राहते. निरोप पोचायला लागतो तेवढा. मग परत आत येते.

“येतायत,” मी सांगते.

“ऐकलं,” आई म्हणते.